आवाज नक्की कुणाचा?

"अरे, आवाज कुणाऽऽचा?"

हा प्रश्न ऐकला की महाराष्ट्रात शिकलेला माणूस आधी उत्तर देतो आणि मग विचार करतो. कॉलेजचं नाव, नाहीतर गावाचं नाव, नाहीतर निदान आपल्या डिपार्टमेंटचं नाव. काहीतरी तोंडातून निघतंच. कबड्डी असो, क्रिकेट असो, रस्सीखेच असो, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा म्हटली की मैदानाच्या कडेला एक पोरगा हमखास असतो. त्याचा घसा फाटक्या भोंग्यासारखा असतो आणि तो स्वतः कधीच टीममध्ये नसतो. तो विचारतो, बाकीचे दोनशे जण सांगतात. तीन वेळा झालं की शिट्ट्या, मग पुन्हा पहिल्यापासून.

आता ही घोषणा आली कुठून, हा प्रश्न चार मित्रांत टाकून बघा. चहा गार होईल पण वाद मिटणार नाही. पुण्यात शिकलेला म्हणेल, पुरुषोत्तम. मुंबईत वाढलेला म्हणेल, शिवसेना. तिसरा म्हणेल, आमच्या कॉलेजात पहिल्यापासून होती. (प्रत्येकाच्या कॉलेजात सगळं पहिल्यापासूनच असतं.) आणि चौथा, जो आपल्यासारखाच आयटीवाला असतो, तो मोबाईल काढून सर्च करायला लागतो आणि पुढची पंधरा मिनिटं काही बोलत नाही.

पुरुषोत्तमवाल्यांची बाजू आधी. पुण्यात 'महाराष्ट्रीय कलोपासक' ही संस्था १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा घेते. भरत नाट्य मंदिरात एकांकिका संपते, पडदा पडतो आणि नाटकापेक्षा मोठा कार्यक्रम प्रेक्षागृहात सुरू होतो. "अरे, आवाज कुणाचा?" आणि त्यावर कॉलेजचं नाव. बाहेरच्या माणसाला वाटेल कुस्तीचा फड चालू आहे. नाटकाच्या स्पर्धेत मैदानासारखं ओरडायचं, ही खास मराठी गोष्ट आहे आणि मला ती मनापासून आवडते. जगात इतर ठिकाणी नाटक संपल्यावर लोक उभं राहून सभ्यपणे टाळ्या वाजवतात म्हणे.

शिवसेनावाल्यांची बाजू तर सगळ्यांनाच माहीत आहे. पक्ष १९ जून १९६६ चा. शिवाजी पार्कची सभा, समोर गर्दी, "आवाज कुणाचा?" आणि तो प्रतिसाद. गेल्या पन्नासेक वर्षांत महाराष्ट्रात ही घोषणा सगळ्यात जास्त वेळा कुणी दिली असेल तर याच मंडळींनी. २०२२ मध्ये पक्ष फुटला. १७ फेब्रुवारी २०२३ ला निवडणूक आयोगाने 'शिवसेना' हे नाव आणि धनुष्यबाण हे चिन्ह एका गटाला दिलं. त्याच वर्षी दुसऱ्या गटाने आपलं पॉडकास्ट काढलं, त्याचं नाव 'आवाज कुणाचा'. गंमत बघा. आयोगासमोर भांडण नाव आणि चिन्हाचं होतं. घोषणा मात्र दोन्हीकडे तशीच चालू राहिली आणि तिच्यासाठी कुणाला शपथपत्र द्यावं लागलं नाही.

१९६३ आणि १९६६. तीन वर्षांचा फरक दाखवून पुणेकर लगेच जिंकल्याचं जाहीर करतात. पण स्पर्धेचं वय म्हणजे घोषणेचं वय नव्हे, आणि पक्षाचं वय म्हणजेही नव्हे. शिवाय सेनेत आलेली मुंबईतली पोरंही कुठल्या ना कुठल्या कॉलेजात, गिरणगावातल्या कुठल्या ना कुठल्या कबड्डी संघात होतीच की. माणसं तीच, मैदानं तीच, घसेही तेच. त्यात घोषणा कुठून निघाली आणि कुठे गेली हे वेगळं काढणं म्हणजे विसर्जनाच्या मिरवणुकीत पहिला गुलाल कुणी उधळला ते शोधणं.

याच्या उलट उदाहरण द्यायचं तर अमेरिकेतलं द्यावं लागेल. कॅन्सस विद्यापीठाच्या बास्केटबॉलच्या मॅचला "रॉक चॉक जेहॉक" अशी एक लांबलचक आरोळी देतात. तिचा जन्मदाखला आहे. साल १८८६. कर्ता, रसायनशास्त्राचे प्राध्यापक बेली. विचिटाहून लॉरेन्सला रेल्वेने परत येताना त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ती रचली, आणि तिचा ठेका रुळांवरच्या चाकांच्या आवाजावरून सुचला अशी विद्यापीठाची कथा आहे. सुरुवातीला "रॉक चॉक" च्या जागी "रा, रा" होतं. कॉलेजच्या टेकडीवर चुनखडीचा दगड सापडतो, म्हणून पुढे "रॉक चॉक" आलं. म्हणजे बघा, कर्ता, साल, पहिली आवृत्ती, सुधारित आवृत्ती, सगळं नोंदलेलं. एकदम व्यवस्थित व्हर्जन कंट्रोल.

आपल्याकडे असं का नाही? लोक म्हणतात, आपल्याला नोंदी ठेवायची सवय नाही. ते खरं आहेच, पण मला वाटतं इथे कारण दुसरं आहे. कॅन्ससची आरोळी ही एक रचना आहे. शब्द ठरलेले, पाठ करायचे, म्हणायचे. "आवाज कुणाचा" ही रचना नाहीच. तो रिकामी जागा ठेवलेला साचा आहे. एकाने हाक द्यायची, अनेकांनी ओ द्यायची, आणि ओ देताना जागेवर आपलं नाव भरायचं. असा साचा कुणी एका दुपारी बसून तयार करत नाही. तो आधीपासून पडून असतो, कुणीतरी उचलतो.

आणि आपल्याकडे तो किती ठिकाणी पडलाय! "गणपती बाप्पा" म्हणणारा एक, "मोरया" म्हणणारे हजार. "बोल बजरंगबली की" हे एकाचं, "जय" सगळ्यांचा. दहीहंडीला तेच, शिवजयंतीला तेच. "एक दोन तीन चार" म्हटलं की पुढे कुणाचा जयजयकार हे त्या त्या मंडळावर अवलंबून. कीर्तनात बुवा ओळ म्हणतात आणि मागे उभे असलेले टाळकरी ती उचलतात. आमच्या डहाणू, जव्हार, मोखाड्याकडच्या तारपा नाचात तर शब्दही नसतात. तारपा वाजवणाऱ्याने सूर बदलला की अख्ख्या फेऱ्याची पावलं बदलतात. हाक एकाची, ओ सगळ्यांची.

कॅन्ससच्या प्राध्यापकांना रेल्वेत ठेका सापडला याचं आम्हा पश्चिम रेल्वेवाल्यांना काहीच नवल वाटत नाही. सकाळच्या लोकलमध्ये भजनी मंडळाच्या डब्यात चढून बघा. टाळ आहेत, ढोलकी आहे, नाहीतर डब्याचा पत्रा आहे. एक काका पट्टी लावतात आणि अख्खा डबा उचलतो. लोकल डहाणूपर्यंत आली १६ एप्रिल २०१३ ला. त्याआधी विरारच्या पुढे शटल आणि मेल-एक्सप्रेसवर भागायचं. पण भजन त्या गाड्यांतही होतंच. आता त्याच डब्याच्या दारात लटकून कॉलेजला जाणारी पोरं दुपारी मैदानावर जाऊन "आवाज कुणाचा" ओरडतात. त्यांना वेगळी तालीम कशाला हवी?

पालघरच्या कॉलेजच्या पाटीवर तर हा सगळा इतिहास अक्षरशः लिहिलेला आहे. पूर्ण नाव आहे सोनोपंत दांडेकर कला, व्ही. एस. आपटे वाणिज्य आणि एम. एच. मेहता विज्ञान महाविद्यालय. (हे नाव एका श्वासात ओरडून दाखवणाऱ्याला माझ्याकडून मिसळ.) सोनोपंत, म्हणजे मामासाहेब दांडेकर, हे इथलेच, केळवे-माहीमचे. १८९६ ते १९६८. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, ज्ञानेश्वरीचे संपादक, आयुष्यभर वारकरी आणि कीर्तनकार. आणि पुण्यात एसपी कॉलेजचे प्राचार्य. म्हणजे भरत नाट्यमध्ये ज्या एसपीच्या नावाने पोरं घसा फोडतात तिथले एकेकाळचे प्राचार्य, आणि इकडे पालघरला ज्यांच्या नावाने पोरं घसा फोडतात ते, एकच गृहस्थ. ते स्वतः हाक आणि ओ यांच्या परंपरेतले सगळ्यात शिकलेले माणूस. मैदानावर "दांडेकरचाऽऽ" असा गजर ऐकून मामासाहेब रागावले नसते असा माझा अंदाज आहे. फक्त टाळ घ्या म्हणाले असते.

आता थोडं इंजिनियरिंग, कारण फी भरली आहे.

मोठ्या गर्दीला एकत्र ओरडायला लावणं हा सिंक्रोनायझेशनचा प्रॉब्लेम आहे. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. स्टेडियममध्ये समोरासमोरच्या दोन प्रेक्षकांमध्ये दीडशे मीटर अंतर धरा. माझा आवाज तुमच्यापर्यंत पोचायला जवळपास अर्धा सेकंद लागतो. तुम्ही मला ऐकून ओरडलात तर तुमचा आवाज माझ्याकडे यायला आणखी अर्धा. म्हणजे सलग गाणं म्हणायला गेलं की दोन ओळींत सगळ्याची खिचडी. उपाय काय? मध्ये थांबा घ्यायचा. एका ठिकाणाहून छोटा सिग्नल, मग शांतता, मग सगळ्यांचं एकदम छोटं उत्तर. प्रत्येक वेळी घड्याळ नव्याने जुळतं. २०१६ च्या युरो स्पर्धेत आइसलँडच्या लोकांची ती थांबून थांबून वाजवलेली टाळी जगभर गाजली ना, तिचंही गमक हेच, मधली शांतता. "सचिऽऽन, सचिन" आणि मग तीन टाळ्या, तेच. (ही हाक मुळात आईची. साहित्य सहवासात खाली खेळणाऱ्या सचिनला आई घरी बोलवायची तेव्हापासूनची, असं त्यानेच २०१७ साली त्याच्यावरचा चित्रपट आला तेव्हा सांगितलं होतं. संध्याकाळी जेवायला बोलवण्यासाठी ताणलेली हाक वानखेडेपर्यंत पोचली, याच्यापेक्षा चांगला जन्मदाखला मला माहीत नाही.)

दुसरी गोष्ट मात्रांची. "आवाज कुणाचा" ला उत्तर नीट बसायचं असेल तर चार ठोके लागतात. शिव-से-ने-चा. चार. दां-डे-कर-चा. चार. बो-ई-सर-चा. चार. ता-रा-पूर-चा. चार! आता पालघर घ्या. पाल-घर-चा. तीनच. म्हणून आमच्याकडे "पाऽऽल-घर-चा" असा पाल ताणतात, आणि ताणताना निम्मे लोक लवकर सोडतात, म्हणून पालघरचा आवाज थोडा विस्कटतो. बोईसरवाले याला संघटनाचा अभाव म्हणतात. तसं काही नाही, निव्वळ व्याकरणाचा दोष आहे.

आणि व्याकरणाचा विषय निघालाच आहे तर ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो तो मुद्दा सांगून टाकतो.

"कुणाचा" मधला "चा" हा आवाजाचा आहे, ओरडणाऱ्याचा नाही. आवाज पुल्लिंगी, म्हणून चा. मुलींच्या कबड्डी टीमसाठी मुली ओरडल्या तरी "आवाज कुणाचा" च, आणि उत्तरही "बोईसरचा" च. ओरडणारा कोण, कुठला, कुणाचा, घरी काय बोलतो, हे त्या वाक्यात कुठेच येत नाही. विचारलं जातं फक्त एवढंच की हा आवाज कुठल्या नावाने निघतोय.

बोईसरसारख्या गावात याला फार किंमत आहे. नुसती नावं बघा आमच्याकडची. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र १९६९ मध्ये इथे सुरू झालं, त्याचं नाव तारापूर. औद्योगिक वसाहत बोईसरात, नाव तारापूर एमआयडीसी. उतरायचं स्टेशन बोईसर. केंद्राच्या टाऊनशिपमध्ये देशभरातून आलेल्या साहेब लोकांची मुलं. एमआयडीसीच्या चाळींत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेल्या कामगारांची मुलं. किनाऱ्यावरच्या गावांतली मच्छीमारांची, वाडीवाल्यांची मुलं. अक्करपट्टी, पोफरणसारख्या गावांतली, ज्यांचं मूळ गाव केंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी गेलं, ती मुलं. पूर्वेकडून, जंगलपट्ट्यातून वसतिगृहात राहून शिकणारी वारली, कोकणा, कातकरी मुलं. एरवी ही सगळी वेगवेगळ्या बाकांवर बसतात, वेगवेगळ्या टपऱ्यांवर चहा पितात. खोटं कशाला बोला.

मैदानावर मात्र एक पोरगा विचारतो आणि सगळे एका शब्दात उत्तर देतात. ज्याच्या घरी भोजपुरी बोलतात तोही "बोईसरचा" म्हणतो. त्याला कुणी अधिवास दाखला मागत नाही. तो वर्षभरात जेवढं मराठी वर्गात बोलत नाही तेवढं त्या वीस मिनिटांत बोलतो, आणि प्रत्यय एकदाही चुकत नाही. "मराठी आली पाहिजे" म्हणून टीव्हीवर तावातावाने भांडणाऱ्यांनी एकदा आंतरमहाविद्यालयीन कबड्डीला येऊन बसावं. षष्ठीचा प्रत्यय किती लवकर शिकवता येतो ते कळेल.

म्हणूनच ही घोषणा कुणाची या वादात मला जरा जास्तच रस आहे. काही वर्षांपूर्वी आमच्याच भागात एका कॉलेजच्या स्पर्धेत माईकवरून सूचना झाली, "विद्यार्थ्यांनी राजकीय घोषणा देऊ नयेत." कुठली घोषणा ते सांगितलं नाही, पण सगळ्यांना कळलं. पोरं गप्प झाली. मग कुणीतरी "हिप हिप" केलं, त्यावर जेमतेम चाळीस लोकांनी "हुर्रे" केलं आणि ते तिथेच विरलं. मॅच रंगली नाही असं नाही, पण कडेची माणसं आता नुसती प्रेक्षक झाली होती.

सूचना करणाऱ्या सरांची भीती अगदीच निराधार नव्हती, हे मान्य. निवडणुका तोंडावर असतात, गर्दीत चार पोरं मुद्दाम पक्षाचं नाव घेऊन ओरडतात, समोरून दुसरी चार वेगळं नाव घेतात, आणि मग कबड्डी मैदानाबाहेर सुरू होते. असं होतं, मी पाहिलंय. पण यात दोष उत्तराचा आहे, प्रश्नाचा नाही. पक्षाचं नाव घेणाऱ्या चौघांना बाहेर काढा की. अख्ख्या मैदानाचा प्रश्नच काढून घ्यायचा म्हणजे एका पक्षाला (आता दोन म्हणा) फुकटात मालकी बहाल करण्यासारखं आहे. तुम्हीच जर म्हणालात की ही त्यांची घोषणा, तर ती उद्या खरंच फक्त त्यांची राहील.

साचे असे इकडून तिकडे जातच असतात. कोकणात रिफायनरीविरुद्धच्या मोर्च्यांत "एकच जिद्द, नाणार रद्द" होतं. आमच्याकडे किनाऱ्यावरच्या गावांत "एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द" झालं. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते त्या ७६ हजार कोटींच्या बंदराची पायाभरणी झाली, तरी घोषणा काही भिंतींवरून पुसली गेली नाही. बंदर हवं की नको हा वेगळा विषय, त्यावर माझ्या घरातच दोन मतं आहेत. पण "एकच जिद्द" म्हणणारी किनाऱ्यावरची पोरं कॉलेजच्या मैदानावर येतात तेव्हा तोच ठेका घेऊन येतात, आणि मैदानावरचा गजर मोर्च्यात नेतात. यातलं कुठलं राजकीय आणि कुठलं खेळाचं, याची चाळणी कुठल्या जिमखाना कमिटीकडे आहे?

बाहेरच्या जगातही हेच. २००३ मध्ये 'व्हाइट स्ट्राइप्स' नावाच्या अमेरिकन बँडचं एक गाणं आलं. त्याच वर्षी मिलानमध्ये मॅच बघायला गेलेल्या बेल्जियमच्या क्लब ब्रुजच्या लोकांनी त्याची धून उचलली आणि घरी नेली. २००६ मध्ये ब्रुजला खेळायला आलेल्या रोमाच्या लोकांनी ती इटलीला नेली. त्याच वर्षी इटलीने वर्ल्डकप जिंकला आणि धून इटलीची झाली. आज ती जगभरातल्या स्टेडियममध्ये म्हणतात आणि निम्म्या लोकांना ते मुळात गाणं आहे हेच ठाऊक नसतं. मालक कोण? जो आत्ता ओरडतोय तो.

खरं सांगायचं तर मला पक्षांपेक्षा जास्त भीती डीजेची वाटते.

आयपीएलमध्ये तुतारीसारखी ती धून वाजते आणि शेवटी सगळे ओरडतात, आठवतंय? ती एका जुन्या स्पॅनिश पासोडोब्लेवरून आलीय. स्पेनचं काही वावडं नाही, वर सांगितलंच की साचे फिरतात. पण तिथे हाक देणारा माणूस नाही, स्पीकर आहे. कधी ओरडायचं ते कंट्रोल रूममधून ठरतं. ओव्हर रटाळ चालली असली तरी धून वाजते आणि लोक ओरडतात. गर्दी म्हणजे आता फक्त कॉल केल्यावर ठरलेलं उत्तर परत देणारं फंक्शन.

तरी मोठ्या मैदानावरची गर्दी अधूनमधून बंड करते. १ एप्रिल २०२४ ला वानखेडेवर टॉसच्या वेळी लोकांनी हार्दिक पंड्याची एवढी हुर्यो केली की संजय मांजरेकरांना माईकवर गर्दीला नीट वागा म्हणून सांगावं लागलं. लोकांनी ऐकलं? छे. आणि त्याच वर्षी ४ जुलैला वर्ल्डकप घेऊन टीम त्याच वानखेडेवर आली तेव्हा त्याच लोकांनी हार्दिकच्या नावाचा गजर केला, कुणीही न सांगता. एप्रिलमधली ती हुर्यो मला अजिबात आवडली नव्हती. पण जुलैचा गजर खरा वाटला तो एप्रिलमुळेच. "मुंबईचा राजा" म्हटल्यावर "रोहित शर्मा" म्हणणारेही हेच लोक. साचा परत तोच, फक्त लालबागमार्गे आलेला.

आमच्याकडे पालघर-बोईसर पट्ट्यात टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धांना तोटा नाही. दिवाळी झाली की गावोगावी मंडप लागतात. दहा वर्षांत त्यांचं रूपच बदललं. यूट्यूबवर लाइव्ह असतं, दोन समालोचक असतात, त्यातला एक सतत किंचाळत असतो, आणि प्रत्येक चौकाराला डीजे. याच मातीतला शार्दूल ठाकूर किट घेऊन गर्दीच्या गाड्यांतून मुंबईला जायचा. बोईसरच्या तारापूर विद्या मंदिरात होता, पुढे बोरिवलीच्या शाळेत गेला. २०२१ च्या जानेवारीत गॅबावर त्याने ६७ काढले आणि मॅचमध्ये सात विकेट घेतल्या. असा एखादा पोरगा आज आमच्या मैदानावर सहा मारतो तेव्हा त्याला गावाचा आवाज ऐकूच येत नाही. ऐकू येतो तो भाड्याने आणलेला स्पीकर. लोक मोबाईल धरून उभे असतात, कारण ओरडून उपयोग नाही हे त्यांना कळलंय.

आता हे लोण कॉलेजांत आलंय. आंतरमहाविद्यालयीन फायनलला डीजे नसेल तर आयोजकांना कमीपणा वाटतो. कबड्डीत तर हा शुद्ध मूर्खपणा आहे. जगातला हा असा खेळ की ज्यात खेळाडूचा स्वतःचा जप नियमात आहे. चढाई करणाऱ्याचा "कबड्डी, कबड्डी" पंचाला ऐकू यायला हवा, दम तुटला की गडी बाद. तिथे तुम्ही बास लावता?

तेव्हा माझी आयोजकांकडे एकच मागणी आहे आणि ती अगदी स्वस्त आहे. पुरुषांच्या सामन्यात वीस मिनिटांचे दोन डाव असतात, मध्ये पाच मिनिटांची विश्रांती. ती पाच मिनिटं स्पीकरची वायर काढून ठेवा. सत्काराची भाषणं नकोत, प्रायोजकांची नावं नकोत, आणि "शिस्त पाळा" च्या सूचनाही नकोत. दोन्ही बाजूंना एकेक फाटक्या घशाचा पोरगा उभा करा. पालघरवाल्यांनी जरा आधी बसून तो "पाऽऽल" किती ताणायचा ते ठरवून घ्यावं, कारण बोईसरवाले त्या फटीची वाटच बघत असतात. २०१४ पर्यंत पालघर जिल्हाच नव्हता, तोवर जिल्ह्याच्या पातळीवर "ठाण्याचा" म्हणून निभावून जायचं. १ ऑगस्ट २०१४ पासून ती सोय गेली. आता सराव करावाच लागेल.

डीजेवाल्याला तोवर वडापाव द्या. खाऊन झाला की तोही ओरडायला येईल. विरारचा असला तर मात्र त्याला समोरच्या बाजूला बसवा.